सेचेनीचा गरम दिवस: बुडापेस्टच्या जुन्या स्नानगृहात पाहुण्यांना नेताना

बुडापेस्टला आमच्याकडे कुणीही आलं की तिसऱ्या दिवशी मी त्यांना सेचेनीला नेते. पहिल्या दोन दिवसांत संसद, साखळी पूल, बुडाचा किल्ला असं चालून चालून पायांचे तुकडे पडलेले असतात. गरम पाण्याची खरी किंमत तेव्हा कळते. आई-बाबा, सासूबाई, दोन मावश्या, नवऱ्याचे कॉलेजातले मित्र आणि मामेसासरे नाना, इतक्यांना नेऊन झालंय. दर वेळी काहीतरी चुकलं आणि पुढच्या वेळी सुधारलं. आता अमुक कधी न्यायचं, तमुक खायचं का, असे फोन इतके यायला लागलेत की सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी एक गोष्ट मनाशी ठरवा. सेचेनीत लहानमोठे अठरा तलाव आहेत: तीन उघड्यावर, पंधरा इमारतीच्या आत. आपला स्वभाव असा की पैसे भरलेत तर अठराच्या अठरा वसूल करायचे. अष्टविनायक करून आल्यासारखं प्रत्येकात बुडी मारली की संध्याकाळी माणूस ताजातवाना होत नाही, आडवा होतो. चार तलाव, मध्ये भरपूर बसणं आणि नंतर नीट जेवण. दिवसाचा बेत एवढाच ठेवा.

पाणी आलं कुठून

हे शहर डॅन्यूब नदीने दोन भागांत चिरलंय. पश्चिमेचा बुडा डोंगराळ, पूर्वेचा पेश्त सपाट. बुडाच्या डोंगरांच्या चुनखडकात पावसाचं पाणी मुरतं, खोल जाऊन तापतं आणि नदीकाठच्या भेगांतून वर येतं. त्यामुळे जुने झरे बहुतेक बुडाच्या बाजूला. तुर्कांनी सोळाव्या शतकात घुमटाची स्नानगृहं बांधली तीही तिथेच, रुदाश त्यातलंच एक.

पेश्तला मात्र पाणी खणून काढावं लागलं. विल्मोश झिग्मोन्दी नावाच्या खाण-अभियंत्याने १८६८ मध्ये इथल्या बागेत भोक पाडायला घेतलं. दहा वर्षं काम चाललं. १८७८ मध्ये ९७० मीटरवर पाणी लागलं, सुमारे ७४ अंश तापमानाचं. आपल्याकडे बोअर तीनशे फुटांवर कोरडी गेली की घरात सुतक पडतं. हा गृहस्थ दहा वर्षं खाली खाली जात राहिला आणि नगरपालिका पैसे देत राहिली, याचं मला अजून नवल वाटतं. त्या पाण्यावर आधी एक तात्पुरतं स्नानगृह उभं राहिलं. आजची पिवळी, घुमटांची इमारत ग्योझो त्सिग्लेर या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावर बांधली गेली. ती १९१३ मध्ये उघडली, पण ते पाहायला तो हयात नव्हता. उघड्यावरचे तलाव १९२७ चे. पुढे पाणी कमी पडू लागल्यावर १९३८ मध्ये आणखी खोल दुसरी विहीर पाडली.

नाव इश्त्वान सेचेनी या एकोणिसाव्या शतकातल्या उमरावाचं. तुम्ही आदल्या दिवशी ज्या साखळी पुलावर फोटो काढलेले असतात, तो पूल त्याच्याच खटपटीतून झाला.

हेच का, दुसरं का नाही

गेल्लेर्त स्नानगृहाचे निळे टाइल्सवाले फोटो पाहून लोक तेच मागतात, पण ते ऑक्टोबर २०२५ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे. रुदाश मला स्वतःला फार आवडतं: घुमटाखाली अंधार, मधोमध अष्टकोनी कुंड, छतातल्या भोकांतून पडणारे उजेडाचे कवडसे. पण ते लहान आणि कोंदट आहे. पहिल्यांदाच आलेल्या घोळक्याला तिथे न्यावंसं वाटत नाही. लुकाच शांत आहे, तिथे गावातले म्हातारे येतात. सेचेनीला गर्दी असते हे खरं, पण जागाही तशीच ऐसपैस आहे, बाहेरचं उघडं आभाळ आहे, आणि पाण्यातून निघाल्यावर भोवती अख्खी बाग आहे.

लहान मुलं बरोबर असतील तर हा बेत करूच नका. गरम खनिज पाणी मुलांसाठी नाही आणि चौदा वर्षांखालच्यांबाबत नियमही तसेच आहेत. उन्हाळ्यात मुलांना मार्गित बेटावरच्या पालातिनुशला न्या, तिथे लाटांचा तलाव आहे.

कधी जायचं

पाहुणे जूनमध्ये येतात. काय करणार, मे महिन्याच्या सुट्टीला जोडून येतात. पण मला विचाराल तर सेचेनी डिसेंबर ते फेब्रुवारीत. बाहेर शून्याच्या आसपास, पाणी अडतीस अंश आणि मध्ये वाफेचा इतका दाट पडदा की समोरच्याचं फक्त डोकं दिसतं. बर्फ पडत असेल तर केसांवर पांढरी साय धरते आणि मानेखाली आपण गरम असतो. जुलैत त्याच अडतीस अंशांच्या पाण्यात कशाला बसायचं?

वार कामाचा धरा, मंगळवार किंवा बुधवार. शनिवार-रविवारी तिकीट महाग आणि पाणी माणसांनी भरलेलं. वेळ सकाळची, उघडताच. पहिल्या दोन तासांत गावातले नेमाने येणारे लोक असतात आणि पाण्याचा आवाज ऐकू येतो. अकरानंतर सहलींचे जथे यायला लागतात.

तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढून ठेवा. वेळापत्रक आणि दर बदलत राहतात, म्हणून मी आकडे लिहीत नाही. स्नानगृहाच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. त्यात दोन प्रकार दिसतील. लॉकरचं तिकीट स्वस्त, पण कपडे बदलायला सामायिक खोली, बायकांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी. केबिनचं थोडं महाग, पण स्वतःची कुलूपबंद खोली मिळते: लाकडी दार, एक बाकडं, दोन खुंट्या. बरोबर आई, सासूबाई, मावशी असतील तर दुसरा विचार न करता केबिन घ्या. चार टाळक्यांत एक केबिन आणि बाकीचे लॉकर असंही जमतं. बायका आळीपाळीने केबिन वापरतात आणि सगळ्यांच्या पिशव्याही तिथेच राहतात. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येत नाही. ‘जरा जेवून येतो’ हा विचार डोक्यात नको.

पिशवी भरताना

पोहण्याच्या कपड्यांवरून घरात हमखास चर्चासत्र भरतं. नियम साधा आहे: कपडा पोहण्याच्याच कापडाचा हवा. सुती सलवार, टी-शर्ट, घरची अर्धी चड्डी घालून पाण्यात उतरता येत नाही. संकोच वाटणाऱ्यांसाठी गुडघ्यापर्यंतचे आणि पूर्ण बाह्यांचे लायक्राचे पोशाख पुण्या-मुंबईत सहज मिळतात, ते तिथूनच घेऊन या. इथे आल्यावर दुकानं शोधत फिरू नका. सासूबाई आदल्या रात्रीपर्यंत ‘मी नुसती काठावर बसेन’ म्हणत होत्या. आत गेल्यावर पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं की सत्तरीच्या आज्या दोन तुकड्यांच्या पोशाखात बिनधास्त फिरतायत आणि कुणी कुणाकडे ढुंकून बघत नाहीये. नंतर त्यांना बाहेर काढायला आम्हाला विनवण्या कराव्या लागल्या.

बाकी सामान: प्रत्येकी एक मोठा टॉवेल (भाड्याने मिळतो, पण उगाच खर्च), रबरी चप्पल, पाण्याची बाटली, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी, केस बांधायचा रबर. थंडीत अंगात घालायचा टॉवेलचा झगा असेल तर सोनं. मधल्या पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची आहे, इतर तलावांत नाही. पोहणार नसाल तर टोपीचा खटाटोप नको.

दागिने घरी ठेवा. गंधक असलेल्या पाण्यात चांदी काळवंडते; मावशीची जोडवी एका दिवसात तव्यासारखी झाली होती आणि मग टूथपेस्ट लावून घासत बसलो. गरम पाण्यातून थंड पाण्यात गेलं की बोटं आक्रसतात आणि अंगठी सुटते, हेही ध्यानात ठेवा.

सकाळची न्याहारी, आणि पोगाचाचा किस्सा

उपाशी जायचं नाही, पोटभर खाऊनही नाही. गरम पाण्यात रक्त कातडीकडे धावतं. पोट भरलेलं असेल तर मळमळतं, रिकामं असेल तर गरगरतं. निघण्याआधी तासभर चहा आणि एखादा पोगाचा पुरे. पोगाचा म्हणजे खारीसारखा पदर सुटणारा, पेढ्यापेक्षा मोठा, बनपेक्षा लहान असा खारा गोळा. प्रत्येक बेकरीत मिळतो.

पण शाकाहारी मंडळींनी इथे जपून. वर चीज भुरभुरलेला ‘शायतोश’ पोगाचा बिनधोक दिसतो. शेजारीच, तसाच दिसणारा, वरून चौकटी कापलेला ‘तोपोर्त्यूश’ असतो, आणि त्यात डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे कुटून घातलेले असतात. आईसाठी घाईत मीच तो उचलला होता. तिने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘अगं, तुपातला आहे वाटतं!’ मी पाटी पुन्हा वाचली. पुढचं सांगत नाही. शायतोश घेतला तरी लोण्यातला आहे की चरबीतला, हे एकदा विचारा.

पोचणं

पिवळ्या रंगाची छोटी मेट्रो पकडा, पहिल्या क्रमांकाची लाइन. १८९६ मध्ये सुरू झालेली ही गाडी युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. तिचे डबे इतके बुटके की आपल्या लोकलची सवय असलेल्याला खेळण्यातली गाडी वाटते. शहराच्या मध्यातून दहा-बारा मिनिटांत ‘सेचेनी फ्युर्दो’ स्टेशन येतं. फ्युर्दो म्हणजे स्नानगृह.

इथे दोन गोष्टी चुकतात. मधल्या बहुतेक स्टेशनांवर दोन दिशांचे फलाट आणि जिने वेगवेगळे आहेत, खालून पलीकडे जाता येत नाही. उतरण्याआधी रस्त्यावरच पाटी बघा, ‘मेक्सिकोई ऊत’ची दिशा हवी. दुसरं, कागदी तिकीट घेतलंत तर खाली उतरल्या उतरल्या यंत्रात घालून छापून घ्या. छाप नसलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही, आणि तपासनीस पर्यटकाला ओळखतात. जिने लहान आहेत पण लिफ्ट नाही. गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी सरळ टॅक्सी करा.

हंगेरियन वाचायची एक किल्ली देऊन ठेवते. नुसता ‘एस’ म्हणजे श, आणि ‘एस’ला ‘झेड’ जोडला की स. म्हणून इथले लोक स्वतःच्या गावाला बुदापेश्त म्हणतात. पाट्या निम्म्या सोप्या होतात.

आत गेल्यावर

दाराशी मनगटात घालायचा पट्टा मिळतो. तोच किल्ली, तोच प्रवेशपत्र. केबिनचा किंवा लॉकरचा क्रमांक मोबाइलवर टिपून ठेवा, कारण आतल्या गल्ल्या भुलभुलैया आहेत आणि ओल्या अंगाने चष्म्याशिवाय नंबर शोधणं हा काही आरामाचा भाग नाही. उद्यानाकडच्या मुख्य दाराने आलात तर कपडे बदलण्याआधी मान वर करून घुमटातली मोझेकची चित्रं बघून घ्या. नंतर बघू म्हटलं की राहतं.

शॉवरखाली स्वच्छ अंघोळ करून मगच पाण्यात. हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. ‘अंघोळीलाच तर आलोय’ हा विनोद प्रत्येक काका करतो.

मग क्रम. मी लावलेला हा क्रम पाच-सहा वेळा घासूनपुसून पक्का झालाय.

सुरुवात आतल्या कोमट कुंडापासून. प्रत्येक कुंडाच्या भिंतीवर तापमानाची पाटी असते, ती वाचायची सवय लावा. तीस ते चौतीस अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसलं की अंग सैल पडतं. आतल्या कुंडांचं पाणी किंचित हिरवट आणि उकडलेल्या अंड्यासारख्या मंद वासाचं. नाक मुरडू नका, दोन मिनिटांत वास येईनासा होतो. संगमेश्वरकडच्या नानांनी तर आत पाऊल टाकताच खोल श्वास घेतला आणि म्हणाले, ‘सूनबाई, आमच्या राजवाडीचं कुंड हो हे! फक्त भोवती राजवाडा बांधलाय.’

त्यानंतर बाहेर. दार उघडून अर्धगोल गरम तलावापर्यंतचं अंतर काही पावलांचंच, पण जानेवारीत ती पावलं लक्षात राहतात. युक्ती अशी: झगा किंवा टॉवेल अंगावर ठेवूनच काठापर्यंत जा, काठाजवळच्या खुंटीवर अडकवा, चपला तिथेच काढा आणि कठडा धरून उतरा. पळायचं नाही, दगड निसरडा असतो. पाण्यात गेल्यावर पहिली दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही. मग एक लांब ‘आऽऽह’ निघतो, मराठी काय नि हंगेरियन काय, सारखाच.

इथेच ते बुद्धिबळवाले असतात, म्हणजे नशीब असेल तर. छातीइतक्या पाण्यात उभे राहून, पट काठावर मांडून, तासन्‌तास खेळणारे म्हातारे. त्यांचे फोटो जगभर फिरलेत, त्यामुळे आता त्यांच्याभोवती मोबाइलवाल्यांचं कोंडाळं असतं. फोटो काढायचा तर आधी नजरेने विचारा. मोबाइल पाण्यात पडला तर तो मात्र अडतीस अंशांत बरा होत नाही.

गरम तलावात वीस मिनिटं. त्याहून जास्त नाही, इथले डॉक्टरही तेच सांगतात. नाना हे ऐकायला तयार नव्हते. एका पोटाळ हंगेरियन आजोबांचा डाव बघता बघता ते पाऊण तास उभे राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण ‘घोडा मार, घोडा’ हे नानांनी खाणाखुणांनी पोचवलं होतं. वर येताना तिसऱ्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते मटकन बसले. त्या आजोबांनीच पटकन बगलेत हात घालून धरलं. पाय वर करून निजवलं, पाणी पाजलं, दहा मिनिटांत ठीक. कारण साधं होतं: गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो, आणि नाना सकाळी रक्तदाबाचीच गोळी घेऊन आले होते.

तेव्हापासून माझा नियम असा: हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गरोदरपण, ताप, उघडी जखम यांपैकी काहीही असेल तर गरम पाणी नाही, किंवा डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या चालू असलेल्यांसाठी दहा मिनिटं, तीही जोडीदार शेजारी असताना. उठताना आधी एक मिनिट पायरीवर बसायचं. मद्य आधी नाही आणि मध्येही नाही. नाना आता हे सगळं दुसऱ्यांना ऐकवतात, जणू त्यांनीच शोधून काढलंय.

गरम तलावानंतर अर्धा तास आडवं पडा. हीच पायरी सगळे गाळतात आणि मग दुपारी चिडचिडे होतात. आत बाकं आहेत, उन्हाळ्यात बाहेर आरामखुर्च्या असतात. घोट घोट पाणी प्या. टॉवेलमध्ये गुंडाळून नुसतं बघत बसा. इथल्या कित्येक म्हाताऱ्यांना सांधेदुखीसाठी डॉक्टर हे पाणी लिहून देतात, आपल्याकडे काढा लिहून द्यावा तसं. त्यामुळे काठीचा आधार घेत येणारे, कुंडाच्या त्याच कोपऱ्यात रोज बसणारे लोक दिसतील. त्यांच्यासाठी हे पर्यटनस्थळ नाही, दवाखाना आणि पार एकत्र आहे. त्यांच्या कोपऱ्यात खिदळत घुसू नये.

विश्रांतीनंतर मजेचा तलाव, बाहेरचाच, पण जरा कमी गरम. त्याच्या मध्यभागी गोल भिंतींमध्ये पाण्याचा जोरदार प्रवाह सुटतो आणि माणसं गरागरा फिरतात. प्रवाह थांबून थांबून सुरू होतो, तेव्हा आत जाऊन वाट बघायची. साठीच्या मावश्या एकमेकींचे हात धरून, भोंडल्याला फेर धरावा तशा तिथे सहा चकरा फिरल्या. एकीला ऐलमा पैलमा सुचलंही.

वाफेची खोली आणि सौना ज्यांना सोसेल त्यांनी करावी. आठ-दहा मिनिटं, आणि बाहेर पडून थंड पाणी. थंड कुंडात एकदम उडी नको. पाय, हात, मग मान भिजवून उतरायचं. मला स्वतःला ती उडी आवडते, पण शेजारी कुणी बघत नसताना.

शेवटी परत एकदा गरम तलाव, दहा मिनिटं, आणि बस्स. सकाळी आठला आलात तर साडेअकरा-बारा वाजलेले असतील. केस कोरडे करा, पूर्ण कोरडे. थंडीत ओल्या केसांनी बागेतून चालणं म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सर्दीचं आमंत्रण. मग टोपी, मफलर, आणि भूक.

जेवण: आत की बाहेर

स्नानगृहात खायला मिळतं. तळलेलं, सॉसेज, सँडविच, कॉफी, बिअर. मधल्या वेळी कुणाला फारच भूक लागली तर एक कॉफी आणि काहीतरी किरकोळ घ्या, पण जेवण तिथे उरकू नका. ओल्या चड्डीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खाण्यात आराम कसला? गरम पाण्यातून निघालेलं शरीर नीट बसून, कोरड्या कपड्यांत, सावकाश जेवायला मागतं. बागेत आणि बागेच्या कडेने शहराकडे येणाऱ्या रस्त्यांवर खानावळी आहेत. दुपारी बऱ्याच ठिकाणी ‘नापी मेन्यू’ म्हणजे दिवसाचं ठरलेलं जेवण मिळतं. ते कामाच्या दिवशीच असतं आणि रात्रीच्या मानाने स्वस्त पडतं.

मांसाहारी असाल तर पहिली वाटी गुयाशची. आपल्याला वाटतं तसा तो दाट रस्सा नाही, पातळ सूप आहे: गोमांस, बटाटा, गाजर आणि लाल पापरिका. गोमांस चालत नसेल तर आधीच विचारा, कोंबडीचा ‘पापरिकाश’ सगळीकडे असतो आणि तो भाताऐवजी छोट्या मैद्याच्या गोळ्यांबरोबर वाढतात.

शाकाहाऱ्यांसाठी तीन शब्द पाठ करून ठेवा. ‘हूश नेल्क्यूल’ म्हणजे मांसाशिवाय. ‘सॉलोन्ना’ म्हणजे डुकराची खारवलेली चरबी, आणि ‘झीर’ म्हणजे वितळवलेली. हे दोन यादीत किंवा वाढप्याच्या तोंडी आले तर नाही म्हणायचं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की कधीकधी वरचे मांसाचे तुकडे काढून ताट परत येतं.

आपल्या जिभेला सगळ्यात जवळचा पदार्थ म्हणजे फोझेलेक. भोपळा, पालक, मटार, मसूर असं काहीही शिजवून, पीठ आणि आंबट साय लावून दाट केलेलं. पीठ पेरलेल्या पातळ भाजीची चुलत बहीणच म्हणा. भोपळ्याच्या फोझेलेकात शेपू घालतात, हे ऐकून आई आधी गप्प झाली आणि मग दुसऱ्यांदा मागून घेतला. त्यावर अंडं किंवा मांसाचा गोळा ठेवायची पद्धत आहे, नको असेल तर आधी सांगा. ‘रांतोत शायत’ म्हणजे पाव-चुऱ्यात घोळून तळलेलं चीज. ते सगळीकडे मिळतं, पण दर वेळी तेच खाल्लं तर परतीच्या विमानात पश्चात्ताप होतो.

उन्हाळ्यात ‘मेज्ज्लेवेश’ मागा, आंबट चेरीचं थंडगार सूप. गोडसर सूप जेवणाच्या आधी, ही कल्पना नानांना पटली नाही. ‘सोलकढीत साखर पडलीय’ असा शेरा मारून त्यांनी वाटी मात्र संपवली.

घाई असेल किंवा पैसे वाचवायचे असतील तर लांगोश. आंबवलेल्या पिठाची ताटाएवढी पोळी तळतात, वर लसणाचं पाणी ब्रशने फिरवतात, मग आंबट साय आणि किसलेलं चीज. छोले नसलेला भटुरा, पण मोठ्या घरचा. एक दोघांत पुरतो. गरम गरमच खायचा, पाच मिनिटांत तो चामट होतो.

तिखटाशिवाय घास उतरत नसेल तर ‘एरोश’ म्हणून मिरचीचा ठेचा मागा. लाल, खारट, आपल्या ठेच्याची धार नाही पण हेतू तोच. बाबा येताना कोल्हापुरी चटणीची डबी खिशात घेऊन आले होते, ती त्यांनी एरोश चाखल्यावर परत खिशात ठेवली. मी याला मोठी पावती समजते.

गोडात रेतेश घ्या, पापुद्र्यांची गुंडाळी. आतलं सारण आंबट चेरीचं, ताज्या चीजचं किंवा खसखशीचं. अनारशाला लावायला चिमूटभर खसखस मोजून घेणारे आपण. इथे ती वाटी वाटी दळून, साखर घालून भरतात. झोप छान लागते असं म्हणायची सोय आहे. बागेतल्या टपऱ्यांवर दंडगोलावर गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला क्युर्तोश्कालाच मिळतो. वास दुरूनच ओढून नेतो. बहुतेक गोडात अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी गृहीतच धरावं.

पेय म्हणून ज्यांना चालतं त्यांनी ‘फ्रोच’ घ्यावा, वाइनमध्ये सोडा. पण गरम पाण्यानंतर किमान दोन पेले साधं पाणी पोटात गेल्यावरच.

बिल देताना दोन खोचा आहेत. सेवाशुल्क बिलात आधीच जोडलेलं असू शकतं, ‘सेर्विझदीय’ शब्द शोधा. असेल तर वेगळी टीप लागत नाही. आणि रोख देताना लगेच ‘कोसोनोम’ म्हणजे ‘धन्यवाद’ म्हणू नका. इथे पैसे हातात देऊन धन्यवाद म्हटलं की ‘बाकी तुम्हाला ठेवा’ असा अर्थ होतो. नवऱ्याच्या मित्राने वीस हजारांची नोट देऊन मोठ्या आदराने कोसोनोम म्हटलं होतं. सुटे परत मागताना त्याची झालेली पंचाईत आम्ही अजून लग्नकार्यांत सांगतो.

दुपार

जेवणानंतर पुन्हा काही ‘करायला’ निघू नका. बाग आहे, तिच्यात रमतगमत फिरा. वारोश्लिगेत तिचं नाव. तळ्याकाठचा वाय्दाहुन्याद किल्ला कित्येक शतकांचा वाटतो, पण मुळात तो १८९६ च्या प्रदर्शनासाठी लाकूड-पुठ्ठ्याचा उभारला होता. लोकांना इतका आवडला की पुढे दगडात पक्का बांधला. हिवाळ्यात त्याच्यासमोर बर्फावर घसरायचं मैदान असतं. कडेच्या बाकावर बसून पडणाऱ्यांना बघणं हा आमच्या घरचा आवडता कार्यक्रम.

रस्त्यापलीकडे प्राणिसंग्रहालय आहे, १८६६ पासूनचं. तिथल्या पाणघोड्यांच्या हौदात सेचेनीचंच गरम पाणी सोडतात. हे सांगितल्यावर सासूबाई थोडा वेळ विचारात पडल्या. ‘म्हणजे आपण सकाळी जिथे बसलो होतो, तिथलं पाणी त्यांना जातं?’ हो, पण आधी ते आपल्याकडे येतं असं समजू नका. विहिरीतलं पाणी त्यांच्याकडे वेगळं जातं. एवढं सांगितल्यावर त्यांचा चेहरा निवळला.

पाच-सहापर्यंत घरी परत. ओले कपडे पिशवीतून लगेच काढून साध्या पाण्यात पिळा, नाहीतर गंधकाचा वास लायक्रात मुरतो आणि बॅगेतून पुण्यापर्यंत जातो. अंगाला थोडं खोबरेल लावा, कातडी ओढल्यासारखी होते. संध्याकाळी वरण-भात पुरे. नाना साडेसातलाच घोरायला लागले होते, आणि खोबरेलाची बाटली त्यांच्या उशाशी तशीच उघडी होती.